दुखऱ्या खांद्याला झेपणारी बंदूक: खानापूर तालुक्यातील एका निवृत्त सुभेदारांचे प्रकरण

या प्रकरणातील गृहस्थ मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार पदावरून निवृत्त झालेले, वय वर्षे 68, राहणार खानापूर तालुक्यातील जांबोटीकडच्या पट्ट्यात. त्यांची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव येथे दिलेले नाही. घरची भाताची आणि रताळ्यांची शेती आहे, वरच्या अंगाला काजूची बाग आहे आणि बागेच्या पलीकडे लगेच जंगल सुरू होते. निवृत्तीनंतर, 2004 साली, त्यांनी पीकरक्षणासाठी परवाना काढून 12 बोअरची दुनळी बंदूक घेतली. मोटारसायकलवरून पडल्यामुळे त्यांच्या उजव्या खांद्याचा रोटेटर कफ (सांध्याभोवतीचा कंडरांचा पट्टा) फाटला, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि व्यायाम करून हात बराचसा पूर्ववत झाला. त्यानंतर पहिल्यांदाच बंदूक चालवली तेव्हा इतकी कळ आली की त्यांनी ती तशीच कपाटात ठेवून दिली. मुलगा त्यांना घेऊन बेळगावला माझ्याकडे आला तो एकच प्रश्न घेऊन: "बाबांना आता हलकी, धक्का न देणारी कुठली बंदूक घ्यावी?"

या प्रश्नातच एक समजूत दडलेली होती आणि पुढचे बरेच काम ती दूर करण्याचे होते. वय झाले, खांदा दुखावला, तर बंदूक हलकी हवी, असे घरातल्या प्रत्येकाला वाटत होते. सुभेदारसाहेबांनाही तसेच वाटत होते, आणि त्यात नवल नाही, कारण उचलायला हलकी ती चालवायलाही सोपी असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली, तर खांद्यावर येणारा धक्का वाढतो.

हिशेब फार अवघड नाही. छर्रे, काडतुसातला प्लास्टिकचा कप आणि जळालेली दारू हे सगळे ज्या संवेगाने पुढे जाते, तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. तो संवेग बंदुकीच्या वजनाने भागला की बंदूक किती वेगाने मागे येते ते कळते आणि त्यावरून धक्क्याची ऊर्जा काढता येते. सुभेदारसाहेबांची दुनळी आम्ही काट्यावर ठेवली तेव्हा ती 2.9 किलो भरली. त्यात ते 32 ग्रॅम छर्ऱ्यांचे काडतूस वापरत असत. छर्ऱ्यांचा वेग सेकंदाला 370 मीटरच्या आसपास धरला, तर बंदूक सेकंदाला 4.7 मीटर वेगाने मागे येते आणि धक्क्याची ऊर्जा सुमारे 32 ज्यूल होते.

त्याच कागदावर मी एसएलआरचा, म्हणजे फौजेतल्या सेल्फ-लोडिंग रायफलीचा, हिशेब मांडला, कारण सुभेदारसाहेबांची उमेदीची सगळी वर्षे त्या रायफलीवर गेलेली होती आणि तिच्यापुढे ही शेतावरची बंदूक म्हणजे काहीच नाही, असे ते पुन्हापुन्हा सांगत होते. एसएलआर ही 7.62 मिलिमीटरची, सव्वाचार-साडेचार किलोंची रायफल. तिचा धक्का 15 ते 17 ज्यूलच्या घरात येतो आणि त्यातलाही काही भाग गॅसवर चालणारी यंत्रणा थोड्या लांबलेल्या वेळात पसरवून देते. म्हणजे पलटणीत ज्या रायफलीचा धक्का त्यांनी तरुण, धडधाकट खांद्यावर घेतला, त्याच्या जवळजवळ दुप्पट धक्का त्यांची ही 'साधी' बंदूक शस्त्रक्रिया झालेल्या खांद्याला देत होती. आकडे पाहून ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे खांदा कमजोर झाला असं नाही, सर. बंदूकच कडक आहे की." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण दुसरी कळल्याने त्यांच्या मनावरचे ओझे बरेच उतरले. तोपर्यंत ते हा प्रश्न म्हातारपणाचा मानून चालले होते.

खांद्याची तपासणी

दुखापत झालेल्या नेमबाजाच्या बाबतीत बंदुकांची यादी काढण्याआधी शरीर पाहावे, असे माझे ठाम मत आहे. रोटेटर कफ म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांचा पट्टा. तो शिवल्यावर खांद्याला दोन वेगवेगळ्या तक्रारी राहू शकतात. एक, मागून येणारा दणका सोसत नाही. दुसरी, कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून धरताना कळ येते. बहुतेक लोक पहिलीच धरून चालतात. सुभेदारसाहेबांना रिकामी बंदूक खांद्याला लावायला सांगितली, तेव्हा घोडा दाबण्याच्या कितीतरी आधी, नुसते कोपर वर नेतानाच त्यांचा चेहरा आवळला गेला. जुन्या कवायतीत उजवे कोपर आडवे, खांद्याच्या रेषेत ठेवायला शिकवत आणि ती सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती. कोपर खाली, बरगड्यांकडे झुकते ठेवल्याबरोबर अर्धी कळ गेली. त्यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही.

दुसरी गोष्ट त्यांचा सदरा काढल्यावर दिसली. मागच्या गोळीबाराचा काळानिळा डाग तोपर्यंत पूर्ण गेलेला नव्हता आणि तो खांद्याच्या खळगीत नसून चांगला चार बोटे बाहेर, दंडाच्या वरच्या भागावर होता. दुखरी जागा टाळण्यासाठी ते नकळत दस्ता बाहेर सरकवत होते. तेथे मांसल आधार कमी असतो आणि दणका थेट दंडाच्या हाडावर, म्हणजे शिवलेल्या कंडरांच्या मुळाशी जातो. ज्या जागेला जपायचे, तिलाच सर्वांत जास्त मार बसत होता. शिवाय हृदयाच्या त्रासासाठी ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, त्यामुळे साध्या ठोक्यानेही मोठा डाग पडतो. अशी गोळी चालू असलेल्या कोणीही लांब नळीची बंदूक चालवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलले पाहिजे. सुभेदारसाहेबांनाही मी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर अशा दोघांचे लेखी मत आणायला लावले आणि ते हातात आल्याशिवाय एकही काडतूस उघडू दिले नाही.

"डाव्या खांद्यावरून मारायला शिका," असा सल्ला त्यांना गावातल्या दोघा-तिघांनी दिलेला होता. तो सरसकट चुकीचा नाही, पण त्याआधी दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला पेसमेकरचा. पेसमेकर बहुधा डाव्या बाजूला, कॉलर बोनखाली बसवतात आणि त्या बाजूने धक्का घेतला तर त्याच्या तारांना इजा होऊ शकते. सुभेदारसाहेबांना पेसमेकर नाही, म्हणून हा प्रश्न तेथेच मिटला. दुसरा प्रश्न डोळ्याचा. दोन्ही हातांच्या पंजांचा छोटा त्रिकोण करून त्यातून दूरची वस्तू पाहायला सांगितली आणि एकेक डोळा मिटायला लावला, तेव्हा त्यांचा उजवा डोळा प्रबळ निघाला. उजवा डोळा प्रबळ असताना छर्ऱ्याची बंदूक डाव्या खांद्यावरून चालवणे म्हणजे पन्नास वर्षांची सवय मोडून नवी बसवणे, आणि तीही जिवंत काडतुसांसह. टेकूवर ठेवलेल्या, दुर्बीण लावलेल्या रायफलीसाठी हे जमण्यासारखे आहे. रात्री बांधावर उभे राहून चालवायच्या बंदुकीसाठी मी हा सल्ला देणार नाही.

कशासाठी हवी?

बंदूक कशासाठी हवी, याचे उत्तर घरातल्या तिघांनी तीन प्रकारे दिले. सुनेला घराच्या राखणीची काळजी होती, मुलाला पिकाची. सुभेदारसाहेब मात्र थोडे अडखळत म्हणाले की त्यांना नेमबाजी सोडायची नाही, एवढेच. मला हे तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे वाटले.

पिकाविषयी स्पष्ट बोलणे भाग होते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार रानडुक्कर असो की गवा, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही आणि बंदुकीचा परवाना पीकरक्षणाचा आहे म्हणून ती परवानगी आपोआप मिळत नाही. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गावांत तर हे आणखी काटेकोरपणे पाळले पाहिजे. रताळ्याचे शेत डुकरांपासून राखायचे असेल, तर सौर कुंपणाचा उपयोग बंदुकीपेक्षा कितीतरी अधिक होतो. शिवाय कुंपणाला झोप येत नाही. मुलाने हे लगेच मान्य केले, कारण रात्रीची राखण शेवटी त्याच्याच वाट्याला येत होती.

मग पर्याय एकेक करून तपासले. मुलाच्या डोक्यात .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर होते. काडतूस सौम्य असल्यामुळे त्याचा धक्का खरोखरच कमी असतो आणि तो खांद्यावर येत नाही, हेही खरे. पण वयस्क बोटांना त्याचा घोडा ओढणे जड जाते, नळी आखूड असल्याने नेम राखायला सततचा सराव लागतो, हात पुढे ताणून धरावा लागतो आणि शेतासाठी त्याचा काही उपयोग नाही. घरात दोन लहान नातवंडे आहेत. उशाशी भरलेले रिव्हॉल्व्हर ठेवण्याची कल्पना मला अजिबात पटली नाही आणि मी ते तसेच सांगितले.

20 बोअरची बंदूक हा दुकानदाराने सुचवलेला पर्याय होता. 20 बोअरची नळी 12 बोअरपेक्षा बारीक, म्हणून धक्का लहान, असे त्यामागचे तर्कशास्त्र. पण 20 बोअरच्या बंदुका मुळातच हलक्या घडवतात. 2.6 किलोच्या बंदुकीतून 28 ग्रॅमचे काडतूस मारले, तर हिशेब 27 ज्यूलच्या आसपास जातो. 32 वरून 27 वर येण्यासाठी नवी बंदूक, परवान्यात नवी नोंद आणि जिल्हाधिकारी कार्यालयात कानडी अर्ज घेऊन हेलपाटे, हे गणित जुळत नव्हते. गॅसवर चालणाऱ्या अर्धस्वयंचलित 12 बोअरचा धक्का मऊ लागतो हे खरे आहे. मात्र 2016 च्या शस्त्र नियमांत अशा बंदुका निर्बंधित वर्गात मोडतात, त्यामुळे तो विचार तेथेच संपला.

.22 रायफलीचा पर्याय मोहात पाडणारा होता. तिचा धक्का एका ज्यूलच्या पाव भागाएवढाही नसतो. खांद्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगले काडतूस शोधून सापडणार नाही. पण .22 ची लहानशी गोळी दीड किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. छर्रे काहीशे मीटरांत निवतात, गोळी निवत नाही. आसपास वस्त्या, गुरे, बांधाबांधाने फिरणारी माणसे असताना ती रायफल शेतावर नेणे धोक्याचे होते. रेंजवर वापरायची तर ती उत्तमच. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे दुसरी जागा कशासाठी खर्चायची याचाही विचार करावा लागला आणि सुभेदारसाहेबांनी ती सध्या रिकामी ठेवायचे ठरवले.

राहिली हवेची रायफल. 4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा मारणाऱ्या, आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला धक्का असा नसतोच. येथे एक बारकावा मात्र सांभाळावा लागतो. बाजारात सहज मिळणारी स्प्रिंगची, नळी मोडून ताणायची एअर गन दर वेळी ताणण्यासाठी दहा-पंधरा किलो उचलण्याइतका जोर मागते. दुखऱ्या खांद्याला ती बंदुकीच्या धक्क्याइतकीच, किंबहुना अधिक छळते, कारण हा जोर प्रत्येक छर्ऱ्यामागे लावावा लागतो. हातपंपाने हवा भरणेही तसेच. म्हणून रायफल सिलिंडरवरून भरता येणारी असली पाहिजे आणि त्यासाठी जवळ क्लब असणे सोयीचे. एअर पिस्तूल मी सुचवले नाही, कारण ते एका हाताने, हात पूर्ण लांब करून धरायचे असते आणि त्या स्थितीत त्यांचा खांदा सर्वांत आधी बोलू लागतो.

काय केले

नवी बंदूक घेतलीच नाही. जुन्या दुनळीचे वजन वाढवले. तिच्या दस्त्यात आतून पोकळी होती. परवानाधारक कारागिराकडून तेथे शिशाचे तुकडे घट्ट बसवून घेतले आणि बंदूक 3.3 किलोची झाली. नळीला किंवा यंत्रणेला हात लावला नाही. दस्त्याच्या टोकाला मऊ रबराचा पॅड लावला, पण तेवढीच लांबी लाकडातून कमी करून घेतली, नाहीतर दस्ता लांब झाला असता आणि पुन्हा बाहेर, दंडावर सरकला असता. पॅड लावताना ही गोष्ट सर्रास विसरतात आणि मग पॅडचा उपयोग होत नाही अशी तक्रार करतात. काडतूस 32 ग्रॅमवरून 24 ग्रॅमवर आणले. ट्रॅप आणि स्कीट या उडत्या चकत्या टिपण्याच्या ऑलिंपिक स्पर्धांत हेच वजन वापरतात, तेव्हा ते कमअस्सल समजण्याचे कारण नाही. या सगळ्यानंतर हिशेब 16 ज्यूलवर आला. आधीचा धक्का निम्मा झाला आणि आकडा बरोबर एसएलआरच्या जागी जाऊन बसला. सुभेदारसाहेबांना यापेक्षा चांगली खूण दुसरी कोणती देता आली असती असे मला वाटत नाही.

वाढलेल्या वजनाचे काय, हा प्रश्न उरतोच. बंदुकीचा मोठा भार पुढचा हात उचलतो आणि त्यांचा डावा हात धड आहे, म्हणून येथे हे चालले. डावा खांदा दुखावलेला असता तर मी वजन वाढवायला सांगितलेच नसते, किंवा टेकूशिवाय बंदूक उचलू दिली नसती.

स्थितीवरून मात्र आमचा चांगलाच वाद झाला. पोटावर झोपून गोळी मारणे हे त्यांना सर्वांत स्थिर आणि म्हणून सर्वांत सोपे वाटत होते. नेमासाठी ते खरे आहे; खांद्यासाठी अगदी उलट आहे. झोपलेल्या माणसाचे धड जमिनीने अडवलेले असते, धक्क्याबरोबर ते मागे जाऊ शकत नाही आणि सगळा दणका एका जागी जिरतो. उभ्या किंवा ताठ बसलेल्या माणसाचे अंग मागे झुलते आणि धक्का पसरतो. टेबलावर टेकू घेऊन बसायचे, तर टेकू उंच हवा, नाहीतर माणूस पुढे वाकतो आणि दस्ता कॉलर बोनवर येतो. आम्ही टेकूखाली वाळूच्या पिशव्या रचत गेलो आणि त्यांची पाठ सरळ झाल्यावरच थांबलो.

आवाजाचा भाग मी मुद्दाम वेगळा सांगतो. नोकरीच्या काळात त्यांनी कानांना कधी काही लावले नव्हते. धक्का म्हणून माणूस जे आठवतो त्यात मोठा वाटा स्फोटाच्या आवाजाचा असतो आणि अंग आधीच आखडते ते बरेचदा त्यामुळेच. कानात बोळे आणि वरून मफ असे दोन्ही लावल्यावर, खोटी काडतुसे घालून भरपूर कोरडा सराव केल्यावर मगच त्यांना 24 ग्रॅमचे एक काडतूस दिले. मधूनमधून त्यांना न सांगता खोटे काडतूस भरत होतो. घोडा दाबताना नळी खाली गेली की अंग आखडले हे त्यांनाही दिसत असे. पहिल्या दिवशी दोन काडतुसांवर थांबलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा पाहिला. खळगीत हलकी लाली होती, दंडावर काही नव्हते, हात वर नेताना नवी कळ नव्हती. ठणका रात्रीतून वाढतो, म्हणून निकाल दुसऱ्या सकाळीच लावायचा, हा नियम मी कोणत्याही दुखापतीत सोडत नाही.

नियमित सराव आता क्लबातल्या एअर रायफलीवर चालतो. ती रायफल वजनदार असते, म्हणून सुरुवातीला स्टँडवर ठेवून मारा, असे मी सुचवले. ते सुभेदारसाहेबांच्या मनाला लागले. टेकू घेऊन मारणे म्हणजे नेमबाजीच नव्हे, असे त्यांना वाटले. तेव्हा त्यांना पॅरा नेमबाजीतील एसएच 2 गटाची माहिती दिली. ज्या खेळाडूंना रायफलीचे वजन हातांनी पेलता येत नाही, ते स्टँड वापरून जागतिक स्पर्धांत उतरतात आणि त्यांच्या गुणांत दशांशाचीही सवलत नसते. त्यानंतर त्यांनी स्टँडला नाव ठेवले नाही. आता त्याची उंची ते स्वतः पट्टी घेऊन लावतात, वहीत टिपून ठेवतात आणि दुसऱ्या कोणी हलवलेली त्यांना चालत नाही.

दुनळीचा पुढचा बंदोबस्तही याच वेळी ठरवून घेतला. शस्त्र नियम 2016 मध्ये परवानाधारकाचे वय 70 झाल्यावर, किंवा बंदूक 25 वर्षे जवळ असल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ती कायदेशीर वारसाकडे देण्याची सोय आहे. त्यासाठी परवानाधारकाच्या मृत्यूपर्यंत थांबावे लागत नाही. पुष्कळ घरांत हे माहीत नसते आणि वडील गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्यापासून धावपळ सुरू होते. सुभेदारसाहेबांची सत्तरी दोन वर्षांवर आहे. मुलाने सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण सुरू केले असून त्यानंतर तो स्वतःच्या नावाने अर्ज करणार आहे. तोवर दुनळी कुलपात राहील, काडतुसे वेगळ्या कपाटात राहतील आणि वडील ती चालवतील ती फक्त 24 ग्रॅमच्या काडतुसांनी, एका बैठकीत चारपेक्षा जास्त नाहीत. रबराचा पॅड काही वर्षांत कडक होतो, म्हणून दर पावसाळ्यानंतर तो अंगठ्याने दाबून पाहायचा आणि दबत नसेल तर लगेच बदलायचा, एवढे काम सुनेने आपणहून अंगावर घेतले आहे.